रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

लघवीत जंतू नाहीत. सोनोग्राफीत खडा नाही. साखर ठीक. एवढं ऐकून कोणालाही हायसं वाटावं. पण जिच्या ओटीपोटात महिनोन्‌महिने आग होते आहे, जिला अर्ध्या-पाऊण तासाला उठावं लागतं, जिला रात्री सलग दोन तासही झोप मिळत नाही, त्या बाईचे खरे हाल डॉक्टर ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून फाइल परत देतात त्या दिवसापासून सुरू होतात. दुखणं होतं तिथंच असतं. बाकीच्यांची नजर मात्र बदलते. डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात. घरी आल्यावर ‘डॉक्टरच म्हणाले, काही नाही’ असं त्याचं भाषांतर होतं. सासूच्या मनात ‘कामाचा कंटाळा’ येतो, नवऱ्याच्या मनात वेगळीच शंका येते. आणि काही दिवसांनी ती बाईही स्वतःला विचारू लागते, की हे सगळं मी मनानंच तर उभं केलं नाही ना?

या दुखण्याला नाव आहे. वैद्यकशास्त्र त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतं. जुनं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. मूत्राशय भरत जाईल तसं दुखणं किंवा दाब वाढतो, रिकामं झालं की थोडा वेळ उतरतो, आणि पुन्हा तेच. असा त्रास सहा आठवड्यांहून जास्त टिकला आणि जंतुसंसर्ग, खडा, गाठ असं दुसरं कारण सापडलं नाही, तर या निदानाचा विचार करावा, असं अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे त्यात क्षयाची भर घालावी लागते. मूत्राशयाचा क्षय झाला की पिशवी आक्रसते, लघवीत पूपेशी दिसतात पण साध्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत. तो तपासून बाजूला काढायलाच हवा. दुर्बिणीतून पाहिलं तर थोड्याच रुग्णांच्या मूत्राशयात ‘हनर’ नावाचे व्रण दिसतात. बाकीच्यांचं मूत्राशय बाहेरून, आतून, फोटोत अगदी निरोगी दिसतं. पुरुषांनाही हे होतं, पण त्यांच्या वाट्याला बहुधा ‘प्रोस्टेट’ची चिठ्ठी येते. बायकांची संख्या जास्त. रँड संस्थेनं अमेरिकेत केलेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 2.7 ते 6.5 टक्के प्रौढ स्त्रियांमध्ये या दुखण्याची लक्षणं आढळली. त्यांपैकी ज्यांना कोणी निदान करून सांगितलं होतं, त्या दहा टक्क्यांहूनही कमी होत्या. दवाखाने, विमा, तज्ज्ञ सगळं जवळ असलेल्या देशातली ही गोष्ट.

माझं म्हणणं असं आहे. या दुखण्यात मनाचा वाटा आहे, आणि तो मोठा आहे. पण आपण तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या सुरात सांगतो. मनासाठीची मदत पहिल्याच भेटीत, ‘तुमचं दुखणं खरं आहे’ या वाक्यासोबत द्यायला हवी. सगळ्या गोळ्या थकल्यावर, सगळे रिपोर्ट कोरे आल्यावर ती पुढे केली, की रुग्णाच्या कानाला ती मदत वाटत नाही; आपल्यावर दिलेला निकाल वाटतो. त्यानंतर तिनं मानसोपचाराला नकार दिला, तर त्यात तिचा अडाणीपणा नाही. अपमान झालेला माणूस जे करतो तेच ती करते.

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात राहणाऱ्या बाईला हे दुखणं झालं तर तिचा दिवस कसा जात असेल, हे पाहिल्याशिवाय मनाचा हा वाटा कळणार नाही. शिंदखेड्याहून धुळ्याला जायचं म्हणजे एस.टी. किंवा काळीपिवळी. दोन्हींत मध्ये उतरायची सोय नाही, आणि ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगणं तरण्या बाईला जमत नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही स्टेशनं आहेत, आणि रेल्वेच्या डब्यात शौचालय असतं. पण ती गाडी नंदुरबारला जाते, जळगावला जाते. जिल्ह्याच्या गावाला जात नाही. भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यात, आणि निर्धास्त बसता येईल अशी गाडी जळगावची. हे दुखणं नसलेल्या माणसाच्या हे कधी लक्षातही येणार नाही. तिला मात्र बाहेर पडण्याआधी सगळा रस्ता मनात चालून पाहावा लागतो: कुठं आडोसा आहे, कुठलं स्वच्छतागृह कुलपात असतं, कुठं आत पाणी नसतं. मुंबईत 2011 साली स्त्रियांच्या संघटनांनी सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी ‘राइट टू पी’ची मोहीम उभी केली तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली होती. ज्यांना ओटीपोटाचं दुखणं आहे त्यांच्यासाठी तो प्रश्न घराबाहेर पडता येण्याचा आहे.

मग साधा उपाय सुचतो, पाणीच कमी प्यायचं. मे महिन्यात तापीकाठी पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हाही. कापूस वेचणीला गेलेल्या बायका तर दुखणं नसलं तरी हेच करतात, कारण उघड्या रानात पुन्हापुन्हा उठणारी बाई सगळ्यांच्या डोळ्यांवर येते, आणि वेचणीचा हिशेब किलोवर असतो. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी दुखऱ्या मूत्राशयाला आणखी झोंबते, आणि दुखणं वाढलं की बाई आणखी कमी पिते. हे चक्र शरीराचं आहे की मनाचं? दोन्ही त्यात इतके गुंतलेले आहेत की सोडवता येत नाहीत. तरी आपल्या दवाखान्यांत केसपेपरवर दोघांना वेगळ्या रांगेत उभं करतात.

घरात याहून बारीक गोष्टी घडतात. खान्देशातला स्वयंपाक तिखटाचा. शेवभाजीचा रस्सा, ठेचा, भरतातली हिरवी मिरची. दोंडाईचा तर मिरचीची बाजारपेठच. या दुखण्याच्या पुष्कळ रुग्णांना तिखट, आंबट, चहा यांनी त्रास वाढतो. म्हणजे बाईनं सगळ्यांसाठी तर्रीदार रस्सा करायचा आणि स्वतः दुधात भाकरी कुस्करून खायची. चार दिवस घरचे विचारतात, पाचव्या दिवशी ते नखरे ठरतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक झोक्यावर बसत नाही, रोजच्यासारखी हसत नाही, सारखी मागच्या दाराला जाते. आई ओळखते, पण वहिनीसमोर विचारता येत नाही. श्रावणात कानबाई देवीच्या जागरणाला रात्रभर बसायचं, तर हिला तासाभरात दोनदा उठावं लागतं. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात प्रत्येक वेळी हातपाय धुवून आत यायचं. दोन वर्षांनी ती स्वतःच म्हणते, मी घर राखते, तुम्ही जा.

घर राखणं हा तिचा रोजचा तोडगा होऊन बसतो. लग्न, बारसं, बाजार, बचत गटाची बैठक, एकेक गोष्ट गळत जाते. प्रत्येक वेळी न गेल्यामुळे सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी बाहेर पडणं अधिक अवघड होतं. वेदनेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ या सापळ्याबद्दल खूप लिहितात. मूत्राशयाच्या दुखण्यात तो लवकर आवळतो, कारण इथं भीती नुसती वेदनेची नसते. कपडे ओले होण्याची, वास येण्याची, चारचौघांत उठावं लागण्याची, म्हणजे अब्रूची भीती तिच्यात मिसळलेली असते.

नवरा-बायकोचं नातं हा भाग आपल्याकडे डॉक्टरही विचारत नाहीत. या दुखण्यात संबंध वेदनादायक होणं अगदी नेहमीचं. बाई टाळते, कारण सांगत नाही. नवरा रागावतो किंवा गप्प होतो. कधी तोही घाबरतो, की आपल्यामुळे हिला काही झालं का. दोघं एकाच घरात एकमेकांपासून आपापलं दुःख लपवत राहतात. ‘हे दुखणं संसर्गाचं नाही, कोणाकडून कोणाला लागत नाही, यात कोणाचा दोष नाही’ एवढं एखाद्या डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं तर एका बैठकीत अर्धी गाठ सैल होईल. पण नवऱ्याला आत बोलावण्याची आपल्या ओपीडीत पद्धत नाही, आणि तोही बाहेरच्या टपरीवर उभा असतो.

या सगळ्यावर झोप नसण्याचं ओझं. रात्रीतून सहा-सात वेळा उठणाऱ्या माणसाचं मन महिन्याभरात काय होईल, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. चिडचिड, विसराळूपणा, लेकरांवर हात उचलला जाणं आणि मग त्याचं रडू. ‘आग व्हस माय, रातभर डोया लागत नही,’ असं ती आपल्या आईला अहिराणीत सांगू शकते. धुळ्याच्या डॉक्टरसमोर प्रमाण मराठीत ती फक्त ‘दुखतं’ म्हणते. डॉक्टरही त्यापुढे विचारत नाहीत.

आता ‘मनाचं’ म्हणजे काय याकडे येऊ, कारण खरा वाद तिथं आहे. 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी वेदनेबद्दलची जुनी समजूत मोडली. जखम जेवढी तेवढी वेदना, असा सरळ हिशेब नाही. मज्जारज्जूच्या पातळीवरच येणारे संदेश कमीजास्त केले जातात आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या सूचनांचा त्यात हात असतो, असं त्यांनी मांडलं. पुढच्या काळात हेही स्पष्ट झालं की दीर्घकाळ वेदना सोसलेली मज्जासंस्था हळवी होते. एकदा चोरी झालेल्या वस्तीवरचा कुत्रा नंतर पानाच्या सळसळीलाही भुंकतो, तसं मूत्राशयात नुसतं वाटीभर पाणी साठलं तरी धोक्याची घंटा वाजते. भीती, अपुरी झोप, अविश्वास, एकटेपणा या गोष्टी ती घंटा मोठी करतात. दिलासा, झोप, ओळख, समज या गोष्टी ती लहान करतात. हे सगळं मज्जातंतूंत घडतं, म्हणजे शरीरातच घडतं. मनाचा वाटा आहे म्हणून दुखणं खोटं, असं म्हणणाऱ्याला वेदना म्हणजे काय हेच समजलेलं नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपांत आवर्जून नोंदवलं की माणूस वेदना होते म्हणून सांगतो, तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

वैद्यकानं हा मान नेहमी राखलेला नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गाय हनर यांनी 1915 साली स्त्रियांच्या मूत्राशयातल्या व्रणांचं वर्णन केलं. व्रण दिसला म्हणजे आजार खरा. ज्यांना व्रण नव्हता त्या उरल्या. मूत्ररोगशास्त्राच्या एका प्रमाण पाठ्यपुस्तकात 1970 च्या दशकातही या दुखण्याची चर्चा मनोकायिक विकारांच्या प्रकरणात होत होती. अमेरिकेत विकी रॅटनर ही वैद्यकाची विद्यार्थिनी स्वतः या दुखण्यानं आजारी पडली, डॉक्टरांच्या दारोदार फिरली, आणि डॉक्टर होण्याच्या वाटेवर असूनही तिला ‘तुझ्या मनात आहे’ हेच ऐकावं लागलं. तिनं 1984 साली रुग्णांची संघटना काढली आणि देशभरातून हजारो बायकांची पत्रं आली. त्या प्रत्येकीला वाटत होतं, हे असलं मला एकटीलाच होतं. डॉक्टरकीचं शिक्षण घेणाऱ्या अमेरिकन मुलीवर जिथं विश्वास बसला नाही, तिथं शिंदखेडा तालुक्यातल्या बेटावदच्या किंवा विरदेलच्या शेतमजूर बाईवर कसा बसेल?

आपल्याच मुलखातले दोन अभ्यास या वादाच्या दोन बाजू दाखवतात. दोन्ही नेमके या दुखण्याचे नाहीत, पण ओटीपोटाच्या खालच्या, न बोलल्या जाणाऱ्या त्रासाचे आहेत. पहिला गडचिरोलीचा. राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता, एकेकीला सरासरी तीनाहून अधिक आजार होते, आणि याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. बाळंतपणापलीकडे बाईच्या शरीराकडे कोणी पाहिलंच नव्हतं. या अभ्यासानं सांगितलं: बायका उगीच कण्हत नाहीत, आधी तपासा.

दुसरा गोव्याचा. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून 2005 साली ती प्रसिद्ध केली. अंगावर पांढरं जाण्याची तक्रार बायका का करतात, हा प्रश्न होता. उत्तर अनपेक्षित आलं. तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गाशी क्षीण होता. ताण, नैराश्य, घरातली ओढाताण यांच्याशी तो घट्ट होता. बायकांनी स्वतः कारणं सांगितली त्यांतही ताण आणि अंगातली उष्णता आघाडीवर होती. म्हणजे आरोग्यव्यवस्था जंतू शोधून गोळ्या देत होती, आणि बाई वेगळंच काही सांगत होती.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोडतात असं वरवर वाटेल. मला ते एकच गोष्ट दोन अंगांनी सांगताना दिसतात. गडचिरोलीत शरीर ऐकलं गेलं नव्हतं, गोव्यात मन ऐकलं गेलं नव्हतं, आणि दोन्हीकडे न ऐकली गेलेली बाई एकच आहे. ज्याला गोव्याचा निष्कर्ष ‘बघा, सगळं मनाचं’ असा वाचायचा आहे त्यानं गडचिरोलीचा पुन्हा वाचावा. ज्याला गडचिरोलीवरून प्रत्येक दुखण्यामागे जंतूच दिसतो, त्यानं गोव्याचा वाचावा.

न ऐकण्याची किंमत काय असते? पहिली किंमत अँटिबायोटिक्सची. कल्चर न करता कोर्सवर कोर्स, दर वेळी थोडे दिवस बरं, पुन्हा तेच, पुन्हा नवा डॉक्टर. ‘उन्हाळे लागले’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा. त्यानं कोणाचं नुकसान होत नाही, पण वर्ष जातं. आमच्याकडे मुतखडा हा घरोघरचा शब्द. सोनोग्राफीत तांदळाएवढा खडा दिसला की सगळं दुखणं त्याच्या नावावर जमा होतं. आणि सर्वांत मोठी किंमत शस्त्रक्रियेची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यामागे कारणं अनेक होती: मजुरीचा खाडा, दंड, कॅन्सरची घातलेली भीती. त्या सगळ्या मूत्राशयाच्या दुखण्याच्या रुग्ण होत्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण ओटीपोटातलं दुखणं समजून घेण्याआधी अवयव काढून मोकळं होण्याची सवय या राज्यात किती रुजली आहे, हे तो आकडा सांगतो. मूत्राशयाचं दुखणं गर्भाशय काढून जात नाही. गेलं नाही की बाईला आता खात्रीच पटते: सगळं काढलं तरी दुखतं, म्हणजे दोष माझ्यातच.

उपाय आहेत. पूर्ण बरं होण्याची हमी कोणी देऊ नये, पण दुखणं आटोक्यात येतं, झोप परत येते, कामाला जाता येतं. एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमिट्रिप्टिलिन नावाची जुनी गोळी या दुखण्यात कमी मात्रेत दिली जाते. मज्जातंतूंची वेदना ती कमी करते, झोपेला मदत करते, वरचेवर जाण्याची घाई थोडी थोपवते. गोळी मूळची नैराश्यावरची. बाई ती घेऊन येते. भाचा मोबाइलवर नाव टाकतो आणि सांगतो, ‘मामी, ही तर डिप्रेशनची गोळी आहे.’ गोळी तिथंच थांबते. डॉक्टरबद्दलचा विश्वासही थांबतो. लिहून देतानाच डॉक्टरनं दोन मिनिटं खर्च केली असती, ही गोळी तुमच्या नसा शांत करायला आहे, तुम्हाला वेडी ठरवायला नाही, असं सांगितलं असतं, तर उपचार सुरू राहिला असता. मूत्राशयाच्या दुखण्यात संवाद हा उपचाराचाच भाग आहे असं मी म्हणतो ते या अर्थानं.

दुसरं उदाहरण व्यायामाचं. बायकांच्या आरोग्यावरच्या प्रत्येक लेखात ‘केगल’चे व्यायाम सांगितलेले असतात. या दुखण्यात ते टाळावेत, असं अमेरिकन मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. कारण वर्षानुवर्षं दुखणं दाबून धरणाऱ्या बाईचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळलेले असतात. ते सैल करायला शिकवायचं असतं. मेरी पॅट फिट्झजेरल्ड आणि सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या 81 स्त्रियांवरच्या चाचणीत या स्नायूंवर नेमके हात ठेवून केलेल्या फिजिओथेरपीनं 59 टक्के स्त्रियांना चांगला फरक पडला. साध्या मालिशनं 26 टक्के स्त्रियांना. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी स्त्री फिजिओथेरपिस्ट या कामासाठी तयार करणं ही काही मोठ्या यंत्रांची, मोठ्या पैशांची गोष्ट नाही.

मानसिक मदतीतही गूढ काही नाही. लघवीच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर पाच-दहा मिनिटांनी वाढवत नेणं, घाई आली की श्वास लांबवून ती लाट ओसरू देणं, ‘आता हे कधीच थांबणार नाही’ या विचाराला पकडून तपासणं, सोडून दिलेल्या गोष्टींतली एकेक पुन्हा हातात घेणं: आधी शेजारच्या गल्लीतलं हळदीकुंकू, मग बाजार, मग एस.टी. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या डीन ट्रिप आणि कर्टिस निकेल यांच्या कामातून दिसतं की वेदनेसमोरची असहायता, ‘माझ्या हातात काहीच नाही’ ही भावना, रुग्णाचं आयुष्य वेदनेइतकंच किंवा त्याहून जास्त पोखरते. असहायतेवर काम करता येतं. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना उभं केलं. त्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’नं छापले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमानं गावातल्याच माणसांना ऐकण्याचं आणि आधार देण्याचं शिक्षण दिलं. पेठ आदिवासी, डोंगराळ तालुका. तिथं जे जमलं ते शिंदखेड्यात न जमण्याचं कारण मला दिसत नाही. आशाताई घरोघर जातातच. ‘रात्री किती वेळा उठावं लागतं?’ हा एक प्रश्न त्यांच्या विचारपुशीत आला तरी पुष्कळ दारं उघडतील.

यावर डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे: ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात हे सगळं कधी बोलायचं? वेळ नाही हे खरं. पण ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच ‘तुमचं दुखणं खरं आहे, जंतू नाहीत ही चांगली गोष्ट आहे, आता आपण दुसऱ्या दिशेनं शोधू’ असंही म्हणता येतं. दुसरा आक्षेप रुग्णांच्या बाजूनं येतो, आणि तो अधिक गंभीर आहे: मनाचं नाव काढलं की आमचं शरीर तपासणं बंद होतं, म्हणून मनाचं नाव काढूच नका. त्यांचा अनुभव त्यांना हे शिकवतो. तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही. मनाला बाहेर ठेवून शरीराची लढाई लढता येत नाही, कारण झोप उडालेली, घरात एकटी पडलेली, जगावंसं न वाटणारी बाई गोळ्याही नीट घेत नाही. दीर्घ वेदनेच्या रुग्णांमध्ये मरणाचे विचार येणं दुर्मीळ नाही, आणि घरच्यांनी ‘कंटाळले मी आता’ या वाक्याकडे दुर्लक्ष करू नये. त्याच वेळी समुपदेशन सुरू केलं म्हणून लघवीची कल्चर, क्षयाची तपासणी, दुर्बिणीची तपासणी थांबवण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला मिळत नाही. दोन्ही एकाच केसपेपरवर लिहिलं गेलं पाहिजे.

शिंदखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या, दोंडाईच्याच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या आणि गावोगावच्या खासगी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. ओटीपोटाच्या आगीची तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या बाईला आणखी एक अँटिबायोटिक लिहिण्याआधी कल्चर करा, भरल्यावर दुखतं की रिकामं झाल्यावर ते विचारा, झोपेबद्दल विचारा, आणि नवरा बाहेर उभा असेल तर त्याला आत बोलवा. घरच्यांना विनंती आहे की तिच्या ताटातल्या दूध-भाकरीवरून बोलू नका आणि धुळ्याला जाताना एकटी पाठवू नका. आणि जिला हे दुखणं आहे तिला: तुमच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, हे तुम्ही ओढवून घेतलेलं नाही, आणि मनासाठी मदत मागितल्यानं तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. मन फारच खचलं असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.